इंटरकूलरला काळा रंग मारला की गाडी खरंच गार राहते का?

धायरीकर (शनिवार, रात्री १०:०५)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. गाव वाईजवळ, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी खंबाटकी चढणं होतंच. गेल्या काही महिन्यांत घाटात पिकअप बसल्यासारखा वाटतोय. आधी जिथे तिसऱ्यात निवांत चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो, तोही एसी बंद करून.

मागच्या आठवड्यात बंपर डेंटिंगला दिला होता. बंपर काढल्यावर खालच्या जाळीमागचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा, रेडिएटरसारखा भाग) उघडा पडला. डेंटर म्हणाला, "साहेब, याला काळा मारून टाका. काळा रंग गरमी बाहेर फेकतो, टर्बोची हवा गार होते, गाडी पळते." मी लगेच तीनशे रुपयांचा मॅट ब्लॅक स्प्रे आणला आणि समोरच्या बाजूने दोन हात मारले. दिसतोय झकास, जाळीमागे चांदी चमकत नाही आता.

आणि खरी गंमत पुढे. माझ्याकडे ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आहे, गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा. त्यावर 'इनटेक एअर टेंपरेचर' रंगाआधी ४१ दाखवत होतं, रंगानंतर ३७! म्हणजे ४ अंशांचा फरक. पण ऑफिसातला एक मित्र म्हणतो की रंग म्हणजे गोधडी, उष्णता आत कोंडते, उलट नुकसान होईल.

तर प्रश्न दोन. कोण बरोबर? आणि डब्यात अर्धा रंग शिल्लक आहे, तिसरा हात मारू का?

खवचट_पेठकर (शनिवार, रात्री १०:२१)

काळा रंग मारून गाडी गार राहत असती तर मे महिन्यात अख्ख्या पुण्याने काळ्या गाड्या घेतल्या असत्या. पाचशे रुपये जास्त देऊन.

(खुर्ची टाकून बसलो आहे.)

टर्बोबुवा (शनिवार, रात्री १०:४८)

पेठकर, दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करताय. उन्हातली गाडी उष्णता *घेते*, इंटरकूलर उष्णता *देतो*. काळी वस्तू शोषते चांगली तशी फेकतेही चांगली, हे दहावीच्या पुस्तकात आहे. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर सगळे काळे असायचे, उगाच का? रेसवाले पण काळे करतात. धायरीकर, ४ अंश म्हणजे चेष्टा नाही. बिनधास्त मारा तिसरा हात.

भोसरी_शॉपफ्लोअर (शनिवार, रात्री ११:३०)

तिसरा हात मारू नका. कृपा करून.

मी भोसरी एमआयडीसीत याच धंद्यात आहे. रेडिएटर, ऑइल कूलर, इंटरकूलर, सगळ्यांचे कोअर, म्हणजे नळ्या-पत्र्यांचे गाभे, हाताखालून जातात. आधी हे यंत्र काम कसं करतं ते समजून घ्या, मग रंगाचं बघू.

टर्बो हवा दाबतो. दाबली की हवा तापते. सायकलच्या पंपाचं नळकांडं हाताला गरम लागतं ना, तेच. घाटात दाबून चढताना टर्बोतून निघणारी हवा शंभर-सव्वाशे अंशांच्या घरात जाते. गरम हवा विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी. ६० अंशांची हवा ५० वर आणलीत तर तेवढ्याच दाबाला ती साधारण ३ टक्के घट्ट होते. म्हणून मधे इंटरकूलर. आतल्या नळ्यांतून टर्बोची हवा, बाहेरून पळत्या गाडीचा वारा, आणि नळ्यांच्या मधे नागमोडी पत्रे, ज्यांना आम्ही फिन म्हणतो.

आता जवळून बघा. फिनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. शाळेच्या वहीच्या पानाएवढा. आणि बऱ्याच कोअरमध्ये तो सपाट नसतो, त्याला बारीक बारीक चिरा पाडून पट्ट्या तिरक्या केलेल्या असतात, खिडकीच्या झडपांसारख्या. आमच्याकडे लूव्हर म्हणतात. हवा पत्र्याला चिकटून एक आळशी थर तयार करते, तो थर या चिरा सारख्या मोडत राहतात. अर्धी करामत त्या चिरांची आहे.

स्प्रेचा एक सढळ हात म्हणजे २५ मायक्रॉन धरा. दोन हात ५०. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रंग पोचला असेल तर पत्रा होता तेवढीच जाडी तुम्ही वरून चढवलीत. तिसऱ्या हाताला चिरा बुजणार, आणि जिथे ओघळ आला तिथे दोन फिन एकमेकींना चिकटणार. मग तिथून वारा जाणारच नाही.

गोधडीवाल्या मित्राचं मात्र अर्धंच बरोबर. रंग उष्णता वाहून न्यायला अ‍ॅल्युमिनियमच्या हजारपट मठ्ठ आहे हे खरं, पण थर इतका पातळ असतो की एकूण अडथळ्यात त्याचा वाटा टक्का-दीड टक्का. खरा अडथळा पत्रा आणि वारा यांच्यामधल्या त्या आळशी थराचा असतो. पातळ हात मारलात तर फायदाही नाही, तोटाही नाही.

टर्बोबुवा, जुने रेडिएटर काळे असायचे ते गंज आणि डाख झाकायला. आमच्याच लाइनवर रंगवलेत मी.

टर्बोबुवा (रविवार, सकाळी ८:१२)

मान्य की तुम्ही धंद्यातले आहात, पण 'फायदा नाही' हे असं हवेत बोलून कसं चालेल? धागाकर्त्याने आकडा दिलाय. तुमचा आकडा कुठाय?

अनुभूती (रविवार, सकाळी ९:४०)

आकडा मी देते. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, रविवारी सकाळी पेपर तपासण्यापेक्षा हे बरं.

तापलेली वस्तू दोन वाटांनी उष्णता टाकते: वाऱ्याला देऊन, आणि प्रारणाने, म्हणजे अवरक्त किरणांच्या रूपात. रंगाचा संबंध फक्त दुसऱ्या वाटेशी. स्टेफानने १८७९ मध्ये मांडलेला नियम आहे की प्रारण तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. तापमान अर्थात केल्विनमध्ये.

इंटरकूलरची समोरची बाजू ५५ सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर धरू. सगळा पृष्ठभाग ८० अंशांवर आहे असं धरू, हे मी उदारपणे देतेय. बाहेर ३५ अंश. आणि रंग अगदी आदर्श काळा. गणित केलं तर चौरस मीटरला साधारण ३७० वॉट येतात. आपल्या एवढ्याशा तोंडाला ३० वॉट.

आता वाऱ्याची वाट. १.३ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला, टर्बो दाब देत असताना, सेकंदाला साधारण ५५ ग्रॅम हवा ओढतं. ती १२० वरून ४५ वर आणायची तर दर सेकंदाला ४००० ज्यूल काढावे लागतात. म्हणजे ४००० वॉट.

चार हजारात तीस! एक टक्कासुद्धा नाही. आणि कोरं अ‍ॅल्युमिनियम थोडंफार प्रारण करतंच, तेव्हा रंगाने पडलेली भर तीसपेक्षाही कमी.

"पण फिनचं एकूण क्षेत्रफळ कितीतरी जास्त असतं" असं कोणी म्हणायच्या आत सांगते: आतल्या फिन एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. एकीने फेकलेलं दुसरी झेलते. बाहेर पडतं ते फक्त तोंडापुरतं.

मागची बाजू रंगवायचा विचार असेल तर थांबा. बहुतेक गाड्यांत इंटरकूलरच्या मागे एसीचा कंडेन्सर किंवा रेडिएटर असतो. रेडिएटर ९० अंशांच्या आसपास. काळी पाठ त्याच्याकडून उष्णता घेईल, देणार नाही.

अजून एक, टर्बोबुवांच्या दहावीच्या पुस्तकासाठी. 'काळा' हे डोळ्यांपुरतं. या तापमानाचं प्रारण डोळ्यांना दिसत नाही, आणि त्या अवरक्त पट्ट्यात साधा पांढरा ऑइलपेंटसुद्धा काळ्याइतकाच 'काळा' असतो. जॉन लेस्लीने १८०४ मध्ये धातूच्या घनात गरम पाणी भरून हे दाखवलं होतं. एक बाजू चकचकीत, बाकीच्यांवर वेगवेगळे लेप. चकचकीत बाजू सोडली तर बाकी सगळ्या जवळपास सारख्याच तापट निघाल्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे रेडिएटर पांढरे आहेत ते यामुळेच: ऊन कमी घेतात, आणि उष्णता मात्र भरपूर फेकतात. तिथे वारा नाही, त्यामुळे प्रारणाशिवाय दुसरी वाटच नाही. खंबाटकीत वारा भरपूर आहे.

खवचट_पेठकर (रविवार, सकाळी ९:५५)

म्हणजे गुलाबी मारला असता तरी चाललं असतं. धायरीकर, विचार करा.

वारजे_गॅरेज (रविवार, दुपारी १२:१०)

मॅडमनी गणित झकास मांडलंय. मी मिस्त्री माणूस, मला एकच विचारायचंय. धायरीकर, बाहेर हवा किती होती तेव्हा?

कारण ३७ आकडा मला पटत नाही. बाहेर ३५-३६ असताना घाटात टर्बोनंतरची हवा ३७? एवढी गार करणारा इंटरकूलर मी आजवर बघितला नाही, नवाकोरा असला तरी. तुमचं डोंगल कुठला सेन्सर वाचतंय ते बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत हवेच्या तापमानाचे दोन सेन्सर असतात. एक एअर फिल्टरच्या पुढे, हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्येच बसवलेला. दुसरा इंटरकूलरच्या नंतर, बूस्ट प्रेशरच्या सेन्सरमध्ये. स्वस्तातली अ‍ॅप सहसा पहिला दाखवतात. तो टर्बोच्याही आधी आहे! इंटरकूलरला रंग मारा, हळद लावा नाहीतर हार घाला, त्याला पत्ता लागायचा नाही.

धायरीकर (रविवार, दुपारी ४:३५)

आता लाज वाटतेय पण खरं सांगतो. आधीचं रीडिंग दुपारी दीडला शिरवळच्या पुढे घेतलं होतं. नंतरचं संध्याकाळी सातला, नवले पुलावर ट्रॅफिकमधून सुटल्यावर.

खवचट_पेठकर (रविवार, दुपारी ४:३६)

😂😂😂 सूर्याला रंग मारला होता तर!

टर्बोबुवा (रविवार, संध्याकाळी ६:०२)

ठीक आहे, धागाकर्त्याचं रीडिंग बाद. पण माझा मुद्दा तत्त्वाचा होता. मॅडमचं गणित कागदावरचं आहे. कोणी करून बघितलंय का?

मुठेकाठचा (सोमवार, रात्री ९:१८)

मी केलं. काल रात्री झोप येत नव्हती आणि हा धागा डोक्यात.

रविवार पेठेतून आणलेले अ‍ॅल्युमिनियमचे दोन एकसारखे डबे घरात होते, झाकणासकट. एकाला बाहेरून मॅट काळा मारला, दुसरा घासून चकचकीत केला. दोन्हीत अर्धा अर्धा लिटर उकळतं पाणी, झाकणाला भोक पाडून स्वयंपाकाचा थर्मामीटर, खाली वर्तमानपत्राची जाड घडी. ८० ला घड्याळ लावलं, ६० ला थांबवलं.

पंखा बंद ठेवून: कोऱ्या डब्याला ७२ मिनिटं, काळ्याला ४५.

मीच उडालो. टर्बोबुवा जिंकले म्हणून इथे लिहायलाही बसलो होतो. मग वाटलं, गाडी काय बंद खोलीत उभी असते का? टेबलफॅन तीनवर करून हातभर अंतरावर ठेवला आणि परत केलं.

पंखा चालू: कोरा २१ मिनिटं, काळा १८.

घरगुती प्रयोग आहे, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे धरा. पण वारा नव्हता तोवर रंगाने २७ मिनिटं वाचवली, आणि वारा आल्यावर तीन.

अनुभूती (सोमवार, रात्री ९:४४)

वा! हे मी पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकाला लावणार आहे, परवानगी गृहीत धरते.

तुमच्या डब्याला फिन नाहीत, सगळं अंग बाहेर उघडं आहे, म्हणून तीन मिनिटं तरी मिळाली. आणि टेबलफॅन म्हणजे ६० च्या वेगातला वारा नव्हे. इंटरकूलरमध्ये त्या तिनाचंही काही उरत नाही.

टर्बोबुवांना मात्र न्याय द्यायला हवा. हवा स्तब्ध असेल तिथे त्यांचं म्हणणं खरं आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचे काळे हीटसिंक बघा, त्यांना पंखा नसतो. तिथे काळ्या अ‍ॅनोडायझिंगचा (अ‍ॅल्युमिनियमवर विजेने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा) उपयोग होतो.

टर्बोबुवा (सोमवार, रात्री १०:३०)

न्याय मिळाला, झोपतो.

शनिपार_ते_लेह (मंगळवार, सकाळी ७:५०)

अवांतर: माझ्या एअरकूल्ड बुलेटच्या सिलिंडरच्या फिन काळ्या आहेत. सिग्नलला उभी असताना पोटऱ्या भाजतात. त्या चकचकीत असत्या तर कमी भाजल्या असत्या का?

अनुभूती (मंगळवार, सकाळी ८:१५)

प्रारणाने पोटरीपर्यंत येणारी उष्णता कमी झाली असती, पण तेवढं इंजिन जास्त तापलं असतं. कोणाला भाजायचं ते तुम्ही ठरवा.

वारजे_गॅरेज (मंगळवार, दुपारी २:२०)

चर्चा छान चालू आहे, पण गाडी अजून घाटात दुसऱ्यातच चढतेय! पिकअप गेलाय म्हणून माणूस आलाय, रंगामुळे गेलेला नाही.

धायरीकर, माझे चार प्रश्न. दाबल्यावर मागे काळा धूर दिसतो का? दोन हजार आरपीएमच्या आसपास बॉनेटखालून शिट्टी किंवा 'फस्स' असा आवाज येतो का? इंटरकूलरच्या रबरी पाइपांवर, क्लिपांच्या जवळ तेलाचा ओला डाग आहे का? आणि रंग मारताना इंटरकूलरची मागची बाजू, म्हणजे कंडेन्सरकडची, बघितली होती का? फिनमधून पलीकडचा उजेड दिसत होता?

धायरीकर (मंगळवार, रात्री ९:०५)

धूर: हो, मागच्या वाहनातले शिव्या देतात. आवाज: येतो, मला वाटलं टर्बोचाच. तेल: डावीकडच्या खालच्या पाइपवर आहे, डेंटर म्हणाला "थोडं असतंच". मागची बाजू बघितलीच नाही.

वारजे_गॅरेज (मंगळवार, रात्री ९:३०)

थोडं असतं हे खरं. इंजिनच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ हवेत मिसळते, ती पाइपात आतून बसते. पण ते *आतून*. बाहेर ओलं दिसलं की तिथून हवा सुटतेय. घेऊन या शनिवारी.

धायरीकर (पुढचा रविवार, सकाळी ११:४०)

मंडळी, अहवाल.

काल सकाळी वारज्याला गेलो. बंपर परत काढला (डेंटिंगचे पैसे आठवून कळवळलो). भाऊंनी बॅटरी लावून इंटरकूलर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत दाखवलं. मी रंग मारला होता ती पुढची बाजू स्वच्छ, आणि मागे खालच्या कोपऱ्यात चिखलाचा वाळलेला पापुद्रा, त्यात किडे, सावरीची म्हातारी आणि उसाच्या पाचटाचा एक तुकडा. एक तृतीयांश भाग तरी पूर्ण बंद होता. पलीकडचा उजेड नाही म्हणजे नाही.

प्रेशर वॉशर वापरू नका म्हणाले, फिन आडव्या पडतात. साध्या नळीने, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूकडून पुढे असं पाणी सोडलं. आधी शाम्पूचं पाणी फवारून पाच मिनिटं भिजवलं. खाली पडलेला गाळ बघून मलाच कसंतरी झालं. वाकलेल्या फिन त्यांच्या पोराने प्लॅस्टिकच्या फणीने सरळ केल्या, अर्धा तास बसून. माझ्या रंगाचे तीन ओघळ पण त्यानेच टोकदार काडीने मोकळे केले, वर "काका, भिंत रंगवताय का?" हेही ऐकवलं.

मग पाइप. दोन्ही टोकं बंद करून एक बार हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. डावा खालचा पाइप, क्लिपच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर. फेस असा उसळला की बघत राहावं. वरून हाताला काही लागत नाही, हवेचा दाब आला की उघडते. त्यामुळे टर्बो बिचारा जास्त फिरून हवा भरत होता, ती जास्त तापत होती आणि निम्मी रस्त्यातच सांडत होती. म्हणून काळा धूर: डिझेल मोजून येतंय, हवा येत नाहीये. पाइप नाना पेठेतून मागवला, दोन क्लिपा नवीन.

रीडिंग या वेळी भाऊंच्या स्कॅनरवर, इंटरकूलरनंतरच्या सेन्सरचं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर, दोन्ही वेळा तिसऱ्या गिअरमध्ये. काम करण्याआधी ७१ अंश, केल्यानंतर ५४. मधे तीन तास गेले, तेवढ्यात बाहेरची हवा ३१ वरून ३४ झाली होती, म्हणजे फरक खरा त्याहून जास्त. (या वेळी बाहेरचं तापमान लिहून ठेवलं बरं का, पेठकर.)

आज सकाळी वाईला आलो. खंबाटकी तिसऱ्यात, एसी चालू.

रंग तसाच ठेवलाय. खरवडायला गेलो तर फिन मोडतील असं भाऊ म्हणाले.

भोसरी_शॉपफ्लोअर (रविवार, दुपारी १२:१५)

उत्तम. खरवडू नकाच, थिनरही ओतू नका, बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. पावसाळा संपला की दरवर्षी एकदा ती मधली फट बघत जा. रिंगरोडच्या कामांची धूळ आणि पहिला पाऊस मिळून तिथे सिमेंट होतं.

टर्बोबुवा (रविवार, दुपारी १२:५०)

अभिनंदन. माझ्या गाडीचा मी आत्ता मोबाइलची बॅटरी लावून बघितला. उजेड दिसत नाही. 😐 भाऊ, शनिवारी जागा आहे का?

वारजे_गॅरेज (रविवार, दुपारी १:०५)

या. रंग आणू नका.

खवचट_पेठकर (रविवार, दुपारी १:२०)

धायरीकर, उरलेल्या अर्ध्या डब्याचं काय केलंत?

धायरीकर (रविवार, संध्याकाळी ५:४५)

गावच्या घराच्या फाटकाला मारला. एका पल्ल्याला पुरला.

मुठेकाठचा (रविवार, संध्याकाळी ६:१०)

माझा काळा डबा आई स्वयंपाकघरात परत घेत नाहीये. दुसरा, चकचकीत केलेला, चालला तिला. काळ्यात आता स्क्रू ठेवलेत.